विंगर म्हणजे नुसता वेग नव्हे

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रग्बीतला विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) ब्रायन हबाना याचे नाव निघाले की चित्त्याशी लावलेली शर्यतच आठवली जाते. दक्षिण आफ्रिकेसाठी १२४ कसोटींत (आंतरराष्ट्रीय सामन्यांत) ६७ ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेवर वा पलीकडे चेंडू टेकवणे), त्यांतले ८ एकट्या २००७च्या विश्वचषकात, हे नुसत्या पळण्याने होत नाही. त्याचे खरे हत्यार म्हणजे इंटरसेप्ट, प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणे. समोरचा पास सुटण्याच्या क्षणी विंगर बचावफळीतून पुढे झेपावतो. अंदाज अर्ध्या सेकंदाने चुकला की त्याच्यामागची अख्खी कड मोकळी पडते. एका हाताने चेंडू पुढे उडाला आणि पंचांना तो मुद्दाम ढकलल्यासारखा वाटला, तर पेनल्टी, वर बहुधा पिवळे कार्ड: दहा मिनिटे संघात एक गडी कमी! इतकी जोखीम घेणारे विंगर थोडेच. किकमागे धावतानाही किक बसेपर्यंत मारणाऱ्याच्या मागेच राहावे लागते, नाहीतर ऑफसाइड.

२००७च्या सुपर १४ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डर्बनला वेळ संपल्यावर हबाना कडेने न जाता आत वळला. त्या ट्रायनंतर कन्व्हर्जन (ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायची किक) झाले आणि त्याच्या बुल्स संघाने शार्क्सना २०-१९ असे हरवले. क्रीडा पानावर ट्रायच्या आकड्यांसोबत असे निर्णयही छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक रग्बीप्रेमी वाचक