गुण्या-कंपासाला भुताटकी म्हणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या पेपरात पान चारवर ‘बंद दाराआड चालतं तरी काय?’ ही बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातनं गेली नाही, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसले. बातमी कशाची तर आपल्या शहरातल्या फ्रीमेसन लॉजने (फ्रीमेसन म्हणजे बंधुत्व मानणाऱ्या लोकांची जुनी संघटना, लॉज म्हणजे तिची शाखा) मागच्या रविवारी डोळे तपासणीचं शिबिर घेतलं आणि येत्या 24 नोव्हेंबरला हॉल सगळ्यांना बघायला उघडा ठेवणार आहेत. एवढंच. मग त्याला ‘जादूघर’ आणि ‘गूढ चिन्हं’ कशाला चिकटवली?

ज्या फोटोखाली तुम्ही गूढ चिन्ह लिहिलंय ना, तो गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, आणि कंपास आहे साहेब. सकाळी लेबर नाक्यावर जे गवंडी उभे असतात त्यातल्या कुणालाही दाखवा, गुण्या तर तो लगेच ओळखेल. मेसन म्हणजे गवंडीच की. लॉजचा जो मास्टर असतो त्याच्या गळ्यात गुण्या, त्याच्या हाताखालच्या दोन वॉर्डनपैकी एकाच्या गळ्यात लेव्हल आणि दुसऱ्याच्या गळ्यात ओळंबा. भिंत सरळ आली पाहिजे तसा माणूस सरळ आला पाहिजे, असं आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, जायकवाडी धरणावर. आमचं सगळं लहानपण पैठणला क्वार्टरमधे गेलं. महिन्यातल्या एका शनिवारी ते काळा कोट घालून, हातात चामड्याची चपटी पेटी घेऊन एसटीने शहरात लॉजच्या मीटिंगला जायचे. मे महिना असला तरी कोट. आणि शेजारपाजारचे काय म्हणायचे, तर ‘साहेब लॉजवर गेले.’ आपल्याकडे लॉजवर जाणं म्हटलं की लोक काय समजतात ते मी तुम्हाला सांगायला नको. आई नळावर पाणी भरायला गेली की बायका गप्प व्हायच्या, तिला कळायचं, पण ती घरी येऊन एक शब्द बोलायची नाही.

1983 ला आमच्या ताईची सोयरीक जमली, सुपारी फुटली, लग्नाची तारीखसुद्धा धरली होती. मग कुणीतरी पाव्हण्यांच्या कानात घातलं की मुलीचा बाप जादूघरात जातो, तिथं कवटीपुढं शपथ घ्यायला लावतात, धर्म सोडावा लागतो. झालं, निरोप आला, जमणार नाही. अण्णा स्वतः त्यांच्या गावी गेले, मला सोबत नेलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी ती पेटी उघडली आणि आतला ॲप्रन काढून समोर ठेवला. कोकराच्या चामड्याचा पांढरा, कडेनं आभाळी पट्टी, भिण्यासारखं काही नाही. ‘हातात घेऊन बघा’ म्हणाले. त्या लोकांनी हात लावला नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही आम्हाला. परत आल्यावर अण्णांनी पेटी माळ्यावर ठेवली आणि नंतर कधी मीटिंगला गेले नाहीत. ताईचं पुढं चांगलं झालं, पण अण्णांचं ते सुटलं ते सुटलंच.

धर्म सोडावा लागतो म्हणे! तिथं टेबलावर गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब, पारशांची अवेस्ता असे सगळे ग्रंथ उघडून ठेवतात, ज्याने त्याने आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. देव न मानणाऱ्याला तर घेतच नाहीत. राजकारण आणि धर्म यावर आत वाद घालायचा नाही हा नियम. अण्णांना नेमकं हेच आवडलं होतं. रझाकाराच्या दिवसात आजोबा रातोरात घरदार टाकून निघाले तेव्हा अण्णा त्यांच्या खांद्यावर होते, आणि त्याच अण्णांच्या शेजारी लॉजमधे एक मुसलमान डॉक्टर बसायचे, दोघं एकमेकांना ब्रदर म्हणायचे. ईदला त्यांच्याकडनं डबा यायचा. तुमच्या बातमीत असलं काही आलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

विवेकानंदसुद्धा 1884 ला कलकत्त्याच्या लॉजमधे मेंबर झाले होते. हैद्राबादची गोशामहल बारादरी ही इमारत निजामाने 1872 ला मेसन लोकांना दिली, म्हणजे आपल्या मराठवाड्यावर जेव्हा निजामाचं राज्य होतं तेव्हाच. आणि 24 नोव्हेंबर हीच तारीख का, ते पण तुम्ही लिहिलं नाही. 1961 साली त्या दिवशी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया, म्हणजे देशातल्या लॉजची मुख्य संस्था, स्थापन झालं, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे तिचे प्रमुख. म्हणून तो दिवस ते बंधुत्व दिवस म्हणून पाळतात.

अजून एक, शिबिर रविवारी होतं आणि बातमी तुम्ही त्यानंतर छापली. आधी छापली असती तर आमच्या गल्लीतल्या चार म्हाताऱ्या तरी गेल्या असत्या, एकीला तर सुईत दोरा ओवता येईना झालाय. मागं पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाचं पण तुम्ही असंच केलं होतं.

लॉजच्या लोकांना पण माझं सांगणं आहे. तुमच्यात बायांना मेंबर करत नाहीत, तो तुमचा नियम. पण घरच्यांना वर्षातनं एकदा तरी आधीपासून आत बोलावलं असतं तर गावाला एवढं बोलायला जागाच राहिली नसती. मी 58 वर्षांची झाले, वडील मेंबर होते, आणि आतली खुर्ची कशी असते ते मला माहीत नाही.

साहेब, 24 तारखेला हॉल किती वाजता उघडणार ते बातमीत कुठंच नाही. ते तेवढं पुढच्या अंकात छापा, आणि 24 च्या आधी छापा. आई 81 वर्षांची आहे, तिला पायऱ्या चढवत न्यायचंय, आणि ती म्हणतेय की माळ्यावरची पेटी पण सोबत घे.

आपली,
ओव्हरसियर साहेबांची धाकटी मुलगी