‘ब्रेन ट्यूमर’ नेमका कोणता, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रात मेंदूच्या कर्करोगावर काही आलं की आमच्या घरी ते सगळ्यांत आधी वाचलं जातं, कारण माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे. लेख कळकळीने लिहिलेले असतात. पण ज्या गाठीबद्दल लिहिलंय तिचं पूर्ण नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. ‘ब्रेन ट्यूमर’ एवढंच लिहून लेखक थेट लक्षणांवर आणि आकड्यांवर येतात.

मेंदूतली गाठ हा काही एकच आजार नाही. तिचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. दुसरीकडून न पसरता तिथेच सुरू होणाऱ्या गाठींत मेंदूच्या आवरणात होणारी मेनिंजिओमा सर्वाधिक आढळते आणि ती बहुतेकदा कर्करोगाची नसते. मोठ्या माणसांत पुष्कळदा मूळ कर्करोग फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा असतो आणि तिथून तो मेंदूत पसरलेला असतो; त्याचे उपचार त्या मूळ आजारावरून ठरतात. मेंदूतच सुरू होणाऱ्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगाची गोष्ट पुन्हा निराळी.

भावाची बायोप्सी झाली आणि रिपोर्ट हाती यायच्या आधीच नात्यातल्या एकांनी काळजीपोटी मेसेज पाठवला: ‘सरासरी पंधरा महिने.’ त्या रात्री भाऊ विम्याचे कागद काढून बसला. वहिनीला एकेक पॉलिसी समजावून सांगत होता. मग रिपोर्ट आला. त्यावर लिहिलं होतं ‘ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड 3’, म्हणजे आयडीएच नावाच्या जनुकात बदल असलेली गाठ. मेसेजमधला आकडा ग्लिओब्लास्टोमाचा होता, म्हणजे दुसऱ्याच आजाराचा.

शिवाय ज्यांना ग्लिओब्लास्टोमाच आहे, त्यांच्यासाठीही तो आकडा अर्धवटच आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्यांच्या जगण्याच्या काळाचा मध्यक साडेचौदा महिन्यांच्या आसपास होता. म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, आणि शंभरातले सुमारे 27 जण 2 वर्षांनंतरही हयात होते. ही दुसरी ओळ मेसेजमध्ये कधीच नसते. आजार गंभीर आहे, ते कुणी लपवू नये. पण आकडा द्यायचा तर पूर्ण द्यावा.

लेखातली माहिती कधीची आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात मोठ्यांच्या अशा अनेक गाठींचं नाव जनुक तपासणीशिवाय पूर्ण होत नाही. आयडीएच जनुकात बदल असेल तर त्या गाठीला आता ग्लिओब्लास्टोमा म्हणत नाहीत, पूर्वी म्हणत असत. म्हणून जुन्या लेखांतल्या आकड्यांत दोन वेगळे आजार एकत्र झालेले असतात. भेटायला येणारे ‘कितवी स्टेज?’ विचारतात, या गाठींना सहसा स्टेज देत नाहीत, ग्रेड देतात. ती पेशींच्या स्वभावावरून ठरते, आजार किती पसरला यावरून नाही.

आमच्या डॉक्टरांनी एक फार मोलाचं काम केलं. रेडिएशन संपताना त्यांनी कागदावर लिहून दिलं की पुढच्या काही महिन्यांतल्या एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, ते उपचारांचे परिणामही असू शकतात, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका. पुढच्या रिपोर्टमध्ये खरोखरच ‘वाढ’ हा शब्द आला. आईचे हातपाय गळाले, पण तो कागद समोर ठेवून आम्ही पुढच्या स्कॅनपर्यंत थांबू शकलो. सुजेवर दिलेलं डेक्सामेथासोन मनाने अचानक बंद करायचं नाही, हेही त्याच कागदावर होतं. मोबाइलमुळे मेंदूचा कर्करोग होतो का यावर रकानेच्या रकाने भरतात (2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात तसा संबंध आढळला नाही), पण घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना लागणारी ही माहिती क्वचितच छापून येते.

विश्वासार्ह माहिती आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या ‘पीडीक्यू’ या माहितीसंग्रहात रुग्णांसाठी वेगळा मजकूर असतो, डॉक्टरांसाठी वेगळा, आणि तो शेवटी कधी सुधारला ती तारीखही असते. पण ते मराठीत नाही; आमच्या आईला त्याचा काय उपयोग? आणखी एक सांगायला हवं. सरकारी नोंदवहीत एखाद्या उपचाराच्या चाचणीची नोंद असणं म्हणजे त्या उपचाराला मान्यता मिळणं नव्हे. तशी नोंद दाखवून रुग्णांकडून पैसे उकळणारेही आहेत.

म्हणून विनंती अशी, की या आजारावरच्या प्रत्येक लेखाखाली गाठीचं पूर्ण नाव आणि ग्रेड, माहिती मुलांबद्दल आहे की मोठ्यांबद्दल, ती कोणत्या तज्ज्ञाने कधी तपासली, एवढं छापावं. आणि बायोप्सीचा रिपोर्ट ओळीओळीने कसा वाचायचा, यावर एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडून मराठीत एक लेख जरूर लिहून घ्यावा.

आपली,
एका रुग्णाची बहीण