पहिले दोन मिलिमीटर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. बरोबरच्या मुलांना चालणारे-पळणारे रोबो मिळाले आणि तुझ्या थीसिसला आलं काय, तर रोबोकडून भोकात पिन बसवणं! बाबा म्हणाले, त्याची समजूत घाल. मला समजूत घालायची नाहीये. त्या लॅबमधला सगळ्यात कसाचा विषय तुला मिळालाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवते म्हणून बोलते. पोरं १० मिलिमीटरचं भोक रीमरने घासून एच-सेव्हन या मापाच्या मर्यादेत आणतात. म्हणजे मापापेक्षा फार तर १५ मायक्रॉन मोठं, त्याहून केससुद्धा जाड. मग स्लाइडिंग फिटची, म्हणजे सहज सरकेल अशा मापाची पिन घालायला गेले की ती जराशी तिरकी शिरते आणि चावते. पोरगं लगेच हातोडी उचलतं, पिन आणखी आवळते. मी ती काढायला लावते, चॅम्फरवर, म्हणजे कडेच्या उतारावर, बर (धातूचं कुसळ) राहिलीय का बघायला सांगते, तेलाचा थेंब टाकून दोन बोटांत सैल धरायला लावते. सैल धरली की ती आपली आपण सरळ होते.

नेमकं हेच १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर लॅबने गणितात बसवलं. ही लॅब आधी एमआयटीची होती, १९७३ मध्ये वेगळी झाली. तिथल्या नेव्हिन्स, व्हिटनी वगैरे मंडळींनी असेंब्लीवर बरीच वर्षं काढली. तिरकी पिन भोकाला दोन जागी टेकते. त्या वेळी ती जेवढी आत गेलेली असते ती खोली, व्यास गुणिले घर्षण गुणांक यापेक्षा कमी असेल, तर पाचर बसू शकते. मग कितीही दाबा. गुणांक ०.२ धर, १० ची पिन धर: धोका पहिल्या दोन मिलिमीटरांतच. आमची पोरं हातोडी मारतात तीही तिथेच! यावर तिथे ‘रिमोट सेंटर कम्प्लायन्स’ नावाचं, रोबोच्या हाताला लावायचं लवचिक मनगट निघालं. त्यात सेन्सर नाही, मोटर नाही. पिन मागून ढकलण्याऐवजी टोकाला धरून पुढे ओढावी, तशी ती आत जाते. सैल बोटांचं काम लोखंड आणि रबराने केलं म्हण ना.

जपानात यामानाशी विद्यापीठाच्या हिरोशी माकिनोंनी दुसरी वाट काढली. १९७८ च्या सुमाराला त्यांनी कंपन्यांना बरोबर घेऊन स्कारा रोबो उभा केला. दाराचं कसं, बिजागरीवर आडवं हलतं पण खाली लोंबत नाही, तसा त्याचा हात: आडवा थोडा लवचिक, उभा ताठ. १९८१ पासून तो बाजारात आला, आणि विकणाऱ्यांत पेनवाली पेंटेलही होती. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत तो सर्रास दिसतो. तुझ्या मित्रांच्या पळणाऱ्या रोबोंचं कौतुक आहेच, पण मोटारींच्या कारखान्यात जाऊन बघ. बॉडी शॉपमध्ये, म्हणजे सांगाडा जोडतात तिथे, वेल्डिंगला रोबोंची रांग आणि वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा) बसवायला मात्र माणसं! लवचिक वायर, आंधळी जागा, कनेक्टरचा तो ‘टक’... हे अजून हातालाच जमतं.

आता कामाचं. नव्या, ग्राइंड केलेल्या, चकचकीत पिनांवरच प्रयोग करत बसू नकोस. बर असलेल्या, घासलेल्या, कोरड्या, तेलकट अशा सगळ्या घे, कारण शॉप फ्लोअरवर माल असाच येतो. पिन अडकली की त्या वेळचा फोर्स-टॉर्कचा (जोर आणि पीळ यांचा) ग्राफ जपून ठेव, पुसू नकोस. सिम्युलेशनमध्ये रोबोला लाख वेळा पिन घालायला शिकवशील, पण तिथलं घर्षण तूच टाकलेलं असतं. आणि लॅबच्या वर्कशॉपमध्ये जो जुना मेकॅनिक असेल त्याच्याशी गट्टी कर. प्रोफेसरांना वेळ नसतो, त्याला असतो. त्याची भाषा वेगळी असली तरी काय, मायक्रोमीटर हातात घेतलास की बोलणं सुरू होईल.

रविवारी फोन करशील तेव्हा पिनचं मटेरिअल काय, क्लिअरन्स (पिन आणि भोकातली फट) किती आणि चॅम्फर पिनला आहे की भोकाला, एवढं विचारून ठेव. मीही वर्कशॉपमध्ये त्याच मापाचा एक सेट करून घेते. पोरांच्या हाताने शंभरात किती अडकतात ते मोजू, तुझ्या रोबोशी ताडून बघता येईल. मेतकूट आणि चटणी पुढच्या आठवड्यात पाठवतेय.

तुझी,
आई