नाफ्प्लिओचा दिवस गावातच काढा

अथेन्स

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

ऑक्टोबरमधल्या तुमच्या क्रूझमध्ये एक दिवस नाफ्प्लिओ या ग्रीक बंदरगावाचा आहे, म्हणून हे आधीच लिहिते. जहाजावर मायसिनी आणि एपिडॉरस या प्राचीन स्थळांची सहल घ्या म्हणतील. दोन्ही जागा थोर आहेत, पण एकाच दिवसात दोन्ही पाहायच्या तर बराच वेळ बसमध्येच जातो. तुम्ही गावातच थांबा.

मोठी जहाजं आखातात नांगर टाकतात आणि लहान टेंडर बोटींनी माणसं धक्क्यावर आणतात. सहलीवाले आधी उतरतात, तेव्हा नाश्ता सावकाश करा. बोट हलत असते, म्हणून सामान पाठीवरच्या सॅकमध्ये आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशी हात धरून ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाका.

बाबा, पालामिदी किल्ला तुम्हाला पाहायचाच असणार. व्हेनिसवाल्यांनी तो 1711 ते 1714 मध्ये बांधला आणि 1715 मध्ये तुर्कांनी घेतलासुद्धा! पायऱ्या 999 आहेत असं म्हणतात. मोजल्या तर कमी भरतात, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत आणि सावली जवळजवळ नाही. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं, म्हणून जाता-येता टॅक्सीच करा. रस्ता वरच्या दरवाजापर्यंत जातो. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ तिथंच ठरवून द्या, कारण वर टॅक्सी सहज मिळत नाही. ऊन चढायच्या आत जा, पाणी सोबत न्या. समुद्रातला बुर्जी किल्ला (1473) वरून छान दिसतो. तुम्हाला जंजिऱ्याची आठवण येईल, पण हा अगदीच छोटा आहे.

खाली आल्यावर सिंताग्मा चौक. तिथली फरशी संगमरवरी आहे, पाऊस पडला की घसरते. चौकातल्या व्हेनिसकालीन कोठारात संग्रहालय आहे. तिथलं, जवळच्या देंद्रा गावात सापडलेलं ब्राँझचं चिलखत चुकवू नका, ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे! जवळच्या गल्लीत सेंट स्पिरिडॉनचं छोटं चर्च आहे. नाफ्प्लिओ तेव्हा ग्रीसची राजधानी होतं आणि 1831 मध्ये पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा खून या चर्चच्या दाराशी झाला. गोळीची खूण काचेआड जपली आहे.

आई, जेवणाची चिंता नको. ‘निस्तीसिमा’ म्हणजे त्यांचं उपवासाचं, मांस-दूध-अंड्याशिवायचं जेवण; पण त्यात कोळंबी-माकूळ चालतं, तेवढं विचारून घे. फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण), यीगांदेस (टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल) आणि होर्ता (उकडलेली पालेभाजी) मागव. भरलेल्या टोमॅटो-मिरचीत कधी खिमा असतो, म्हणून ‘होरीस किमा’ सांग. ग्रीक कॉफी ‘मेत्रिओ’ म्हणजे मध्यम गोड. गाळ खाली बसू दे आणि शेवटचा घोट सोडून दे.

दुपारी धक्क्याच्या टोकाकडून कड्याखालच्या वाटेनं अर्वानितियाच्या किनाऱ्यावर जा, साधारण एक किलोमीटर आहे. दगड निसटतात म्हणून ती कधी बंद असते. मग पालामिदी आणि गावावरचा जुना आक्रोनाफ्प्लिया या दोन किल्ल्यांमधल्या खिंडीतून उतरा. किनारा गोट्यांचा आहे, तेव्हा रबरी चपला हव्यातच. खडकांवर सागरी साळू (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) असतात, अनवाणी पाय ठेवू नका.

स्वच्छतागृहात कागद शेजारच्या डब्यात टाकायचा, इथले पाइप अरुंद असतात.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. शेवटच्या टेंडरची वेळ रोजच्या पत्रकात असते. त्याच्या तासभर आधीच धक्क्यावर या, कारण शेवटी रांग फार लांबते. बाबांच्या गोळ्या केबिनमध्ये न ठेवता सॅकमध्येच असू द्या, वारा वाढला की टेंडर थांबतात.

बाकी फोनवर बोलूच.

तुमची,
मीनल