आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पाया वावरात हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भौगोलिक माहितीच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटना परदेशांशी सहकार्य वाढवतात, ही बाब आपल्याकडे परिषदा आणि करारांपुरतीच मानली जाते. सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग), म्हणजे उपग्रह वा विमानातून जमिनीची पाहणी, या विषयातील डेहराडूनच्या ‘इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग’चेच पाहा. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था १९१० पासून कार्यरत असलेल्या ‘आयएसपीआरएस’ या त्याच विषयातील जागतिक संघटनेत भारताचे प्रतिनिधित्व करते, आणि त्या संघटनेचा परिसंवादही तिने डेहराडूनला भरवला आहे. हे काम मोलाचे आहे. परंतु परदेशाकडून घेतलेल्या माहितीच्या बदल्यात आपण काय देतो, याची चर्चा फारशी होत नाही.

मार्च २०१८ मध्ये इस्रो आणि युरोपीय आयोग यांच्यात उपग्रह-माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था ठरली. तिच्यात भारताकडून प्रत्यक्ष जमिनीवरील निरीक्षणेही अपेक्षित आहेत, आणि ही अपेक्षा रास्तच आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत बारीक चौकोनाची बाजू १० मीटर असते, म्हणजे एकरभर वावराचे जेमतेम चाळीस चौकोन होतात. त्यातले बरेचसे धुऱ्यावर (बांधावर) पडतात, आणि पऱ्हाटीत (कपाशीत) तुरीची तासे असली की एकाच चौकोनात दोन्ही पिके मिसळतात. अशा चित्रावरून कापसाचे क्षेत्र ठरवायचे, तर कोणीतरी शेतात उभे राहून पीक, पेरणीची तारीख आणि नेमके स्थान नोंदवलेच पाहिजे. युरोपातील मोठ्या, एकपिकी शेतांवर बसवलेली पद्धत इथे जशीच्या तशी लागू पडेल, असे मानणे मला धाडसाचे वाटते.

म्हणून राष्ट्रीय संघटनांनी विदर्भातील कृषी महाविद्यालये आणि भूगोलाचे शिक्षक यांना अशा नोंदींच्या कामात सामावून घ्यावे, त्यासाठी मराठीत सूचनापुस्तिका काढावी, आणि या नोंदी परदेशी संस्थांच्या हाती जातील तेव्हा त्या गोळा करणाऱ्यांचा उल्लेख सोबत राहील, अशी अट करारातच घालावी. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या दोन्ही संस्था असल्याने तांत्रिक मार्गदर्शन दूर नाही.

इंग्रजांच्या काळात भारताची शास्त्रीय मोजणी करणाऱ्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन यांचे हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निधन झाले आणि त्यांची कबरही इथेच आहे. मोजणीशी असलेले हे नाते लक्षात घेऊन, परदेशी अभ्यासकांसह पहिली क्षेत्र-कार्यशाळा याच तालुक्यात, कापूस उभा असताना, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा