संगणकाची परीक्षा ध्रुवावर

माननीय संपादक,

‘पुढच्या आठवड्यातला पाऊस धड सांगता येत नाही, तो संगणक कोट्यवधी वर्षांपूर्वीचं हवामान काय सांगणार?’ असा टोमणा बेळगावात सर्रास ऐकू येतो. पण जुन्या काळाबाबत एक सोय आहे, उत्तर ताडून पाहता येतं.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समियर बेटावर मगरींचे नातलग राहत. त्यांचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे तिथं तेव्हा चांगलीच ऊब होती. २००४ साली आर्क्टिक समुद्रतळातून काढलेल्या गाळात तर अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं नेचं, निघालं. खानापूर भागातल्या भातशेतकऱ्याला विचारा, चाऱ्यासाठी वाढवतात त्याच अझोलाचे हे भाऊबंद!

हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणकाच्या मॉडेलमध्ये तेव्हाचा खंडांचा नकाशा आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण भरतात. हवा, पाणी, ऊन यांचे नियम आजचेच. जुन्या मॉडेलांची इथंच गोची व्हायची. ध्रुव पुरेसे उबदार करायला गेलं की विषुववृत्त भाजून निघायचं. ढगांचं गणित सुधारल्यावर ही तफावत बरीच कमी झाली. उलट एका नव्या मॉडेलनं इओसीन पुराव्यापेक्षा फारच तापवला, तेव्हा भविष्याबद्दलच्या त्याच्या अंदाजांवरही शास्त्रज्ञांनीच शंका घेतली. टपरीवरच्या टोमण्यापेक्षा ही शंका जास्त कडक आहे.

सीमाप्रश्नाच्या बातम्या हव्यातच. पण आमच्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी आठवड्याला अर्धं पान अशा विज्ञानाला द्यावं, ही विनंती.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव