त्या बांगड्या होत्या

अमळनेर

प्रिय भाऊ,
स. न. वि. वि.

माझे नाव कुठे लिहू नका, असे तुम्ही जाताना बजावले होते, म्हणून हे पत्र बिननावाचेच लिहिते आहे. ते तुम्ही वाचावे असे मला वाटते, आणि तुमच्याआधी माझ्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला येऊन गेलेल्या तिघांनीही वाचावे असे वाटते. त्यांचीही नावे मी लिहीत नाही. ते ज्याचे त्याला समजेल.

माझ्या आईच्या चौदा कॅसेट आहेत. १९९४ साली मी तिला जात्यापुढे बसवून, आणि पुढे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अंगणातल्या झोक्यापाशी, तिला येत होती तेवढी सगळी अहिराणी गाणी टेपवर घेतली होती. आई गेली, जाते माळ्यावर गेले, आणि कॅसेटची फीत चिकटू लागली, तेव्हा निवृत्तीनंतर हे सगळे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावे असे ठरवले. टेप वाजवायचा, वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि आवाज साठवायचा, एवढे साधे काम होते. पण आईच्या आवाजाखाली सतत ‘घूं’ असा एक सूर येऊ लागला, आणि वर मधूनच ‘कट्’ होऊन एखादे अक्षर गळून पडू लागले.

पहिल्या गृहस्थांनी साउंड कार्ड जळाले असे सांगून नवे बसवले आणि पैसे घेऊन गेले. दोन्ही आवाज होते तिथेच राहिले. दुसऱ्यांनी मला न विचारता फॉरमॅट मारला, आणि तोवर उतरवलेल्या चार कॅसेट पुसल्या गेल्या. आमच्याकडे बिघडलेल्या कॉम्प्युटरला फॉरमॅट हे एकच औषध का असते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. तिसऱ्यांनी तर खुर्चीवर न बसताच निकाल दिला: कॅसेटच जुनाट आहे, आवाज असाच येणार, आणि आता हे ऐकणार तरी कोण? त्या रात्री मी सगळ्या कॅसेट परत पेटीत भरून ठेवल्या होत्या, हे तुम्हाला मी सांगितले नव्हते.

तुम्ही आलात आणि सीपीयू उघडण्याऐवजी आधी मला प्रश्न विचारलेत. ‘कट्’ केव्हा होते? इंटरनेट बंद असतानाही होते का? सीपीयूच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात का? झिणझिण्या येत होत्या, आणि दोन वर्षे मी त्या निमूटपणे सोसत होते. भिंतीतल्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, हे तुम्ही मीटर लावून दाखवलेत तेव्हा कळले की घराला अर्थिंगच नव्हते. ते नसले की पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस बचावतो, पण तोच करंट वायरीतून टेपपर्यंत वाट काढतो आणि ‘घूं’ म्हणून ऐकू येतो. यावर दुसऱ्या गृहस्थांनी पूर्वी सुचवलेला उपाय, न्यूट्रलची तार तिसऱ्या पिनेला जोडून टाकण्याचा, मी तुमच्या कानावर घातला तेव्हा तुमचा चेहराच बदलला. न्यूट्रल कुठे तुटली तर सबंध पत्र्यात करंट उतरेल, असे तुम्ही म्हणालात, आणि वायरमनला बोलावून मीटरपासून अर्थिंगची नवी तार ओढून घेतल्याशिवाय पुढचे काम करणार नाही, असे सांगून दोन दिवसांनी परत आलात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतत जा, हेही सांगितलेत. तुळशीला घातले की मी आता तिथेही घालते.

‘कट्’चे मूळ मात्र तुम्हालाही लगेच सापडले नाही, आणि ते तुम्ही लपवले नाही. “बाई, मला अजून समजलेले नाही, थोडा वेळ द्या,” हे वाक्य चार जणांत एकट्या तुमच्या तोंडून मी ऐकले. साउंड कार्ड धडधाकट होते. दोष वायफायच्या ड्रायव्हरचा, म्हणजे वायफाय चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा होता. विंडोजने आपल्या मनाने तो बदलला होता, आणि नवा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसरला क्षणभर असा अडवून धरत होता की तेवढ्या वेळातला आवाज साठवायचाच राहून अक्षर तुटे. फॉरमॅटनंतर विंडोजने तोच ड्रायव्हर पुन्हा आपणहून आणून बसवला होता. म्हणजे माझ्या चार कॅसेट ज्यासाठी गेल्या, त्या उपायाचा उपयोग होणेच शक्य नव्हते.

परंतु हे पत्र ड्रायव्हरसाठी नाही. जुना ड्रायव्हर घातल्यावर दोन मिनिटे ऐकून तुम्हाला उठता आले असते, आणि मी तेवढ्यावरही समाधानी झाले असते. दोष केव्हाही उमटतो, त्यामुळे दोन मिनिटांच्या ऐकण्याला अर्थ नाही, असे म्हणून तुम्ही कानाला हेडफोन लावलात आणि कॅसेटची एक सबंध बाजू, पंचेचाळीस मिनिटे, बसून ऐकलीत. फोन दोनदा वाजला, तो तुम्ही पालथा घातलात. अर्ध्यावर एका ठिकाणी तुम्ही एकदम ताठ झालात. तेवढा भाग तीनदा मागे नेऊन ऐकलात, मग कॉम्प्युटरची वायर काढून नुसत्या टेपवर ऐकलात, आणि हेडफोन माझ्याकडे देत म्हणालात, “ही खोट नाही, बाई. ह्या बांगड्या आहेत.” जात्याचा खुंटा हात बदलताना आईच्या बांगड्या वाजल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी डोळ्यांना पदर लावला तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहता वायरी गुंडाळत बसलात, त्याचेही आभार मानते.

दुसऱ्याच्या घरातली वस्तू त्याच्या लेखी काय आहे, हे आधी समजून घ्यावे आणि मगच तिला हात लावावा, ही रीत आमच्या वडीलधाऱ्यांत होती. मूर्तीला हात लावण्याआधी सुतार विचारी, कुठल्या देवाची आहे. तुमच्या पिढीत ती उरली नाही अशी तक्रार मी स्वतःच शिक्षक-खोलीत अनेकदा केली आहे. ती तक्रार मी मागे घेते, निदान अर्धी.

निघताना उंबऱ्यात थांबून तुम्ही म्हणालात, “मनी आजी बी हाईच गानं म्हने.” (माझी आजीही हेच गाणे म्हणायची.) कोणते गाणे, ते विचारायचे त्या गडबडीत राहून गेले. आता अकरा कॅसेट उतरवून झाल्या आहेत आणि त्यांची एक प्रत तुमच्यासाठी पेनड्राइव्हमध्ये काढून ठेवली आहे. या बाजूला आलात की घेऊन जा, आणि ते गाणे कोणते, तेवढे सांगून जा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका